मशीन वेगळं, आठवण वेगळी

आमची खोली चौक गावात, रस्त्याच्या आतल्या अंगाला होती. मागचं दार उघडलं की माथेरानचा डोंगर समोर. घरात कोणी आलं की सासूबाई त्याला आधी मागच्या दारात नेऊन डोंगराकडे बोट करायच्या आणि म्हणायच्या, "त्यो बघा, तिथं हाय माझा पोरगा." पोरगा म्हणजे माझा नवरा. वर एका हॉटेलात तो आचारी होता.

लग्न ठरलं तेव्हाच हे सगळं मला माहीत होतं. दिवाळीच्या आधी हॉटेलं उघडली की तो वर जायचा, ते पावसाळा लागेपर्यंत. मधे सुटी मिळेल तसा रामबाग पॉइंटच्या बाजूने पायवाट उतरून यायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत चढायचा. सुटी मिळायची ती आडवारी, कारण रविवारी हॉटेल भरलेलं. म्हणजे तो घरी आला की मी कामावर, आणि मी घरी असले की तो वर. संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरले की आमची भेट व्हायची. पावसाळ्यात मात्र हॉटेलं बंद असायची आणि तो पूर्ण घरी असायचा. मी वर्ष मोजायची ते पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत.

माझं माहेर कडावचं. घरची थोडी भातशेती. छप्पन्न सालानंतर आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा मी जन्मायची होते, पण बाबांच्या मनात त्या दिवसापासून एकच गोष्ट बसली होती, की पोरींनी शिकायचं. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला कर्जतला टायपिंगच्या क्लासला घातलं. पुढे रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. बाबांनी त्या दिवशी विहारात सगळ्यांना पेढे वाटले. लग्नानंतरही नोकरी सोडायची नाही, ही त्यांची अट होती. सासरच्यांनी ती एका शब्दात मान्य केली.

ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली असतील, तेव्हा कारखान्यात कॉम्प्युटर आला. ऑफिसच्या इमारतीत एक काचेची खोली केली. आत एसी, खाली मऊ निळा गालिचा. चपला बाहेर काढून अनवाणी आत जायचं. आम्ही त्या खोलीला गमतीने देवघर म्हणायचो. टायपिंगचा वेग बघून दोघींना निवडलं, मला आणि पनवेलहून येणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला. आमच्यावर एक साहेब होते. तरुण, मुंबईहून आलेले, चेहऱ्याने करडे, पण माणूस ऐकून घेणारा.

मला ते काम किती आवडलं ते कसं सांगू! टाइपरायटरवर एक अक्षर चुकलं की पांढरा रंग लावा, वाळेपर्यंत फुंकर मारा, नाहीतर पूर्ण पान फाडा. इथे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची आणि चुकलं तर एक बटण दाबलं की गायब. कागदावर डाग नाही, ओरडा नाही. चूक करायची भीती गेली की माणसाचे हात किती मोकळे होतात, ते मला तिथे कळलं. बाबा कडावहून मुद्दाम ते मशीन बघायला आले होते. त्यांना गेटच्या आत सोडलं नाही. मी जेवणाच्या सुटीत बाहेर जाऊन मशीन कसं दिसतं ते हाताने हवेत दाखवलं. ते म्हणाले, "समजलं मला," आणि तेवढ्यावर खूश होऊन परत गेले.

त्रास सुरू झाला पहिल्या थंडीत.

दुपारी तीनच्या सुमाराला चेहरा तापायला लागायचा. चुलीपुढे बसल्यावर तापतो तसा, पण घाम नाही. गालांवर मुंग्या. कधी वाटायचं की अंधाऱ्या माळ्यावर गेलेय आणि तोंडाला कोळिष्टक चिकटलंय. मी हाताने पुसायची आणि हातात काहीच यायचं नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. पडद्याजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची आणि बारीक चरचर ऐकू यायची. लोखंडी कपाटाला हात लागला की चटका बसायचा. घरी आल्यावरही डोक्यात एक घूंऽऽ असा आवाज राहायचा. पितळेच्या घंगाळात गार पाणी घेऊन मी तोंड त्यात बुडवून बसायची. सासूबाई बघत राहायच्या.

शेवटी त्यांनीच मला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, रक्त तपासलं. चेहऱ्याला मलम दिलं, डोळ्यांत घालायला थेंब दिले. दोन-तीन खेपा झाल्या, काही फरक नाही. मग त्यांनी विचारलं, "मालक कुठे असतात तुमचे?"

"माथेरानला, हॉटेलात."

"आणि घरी?"

"पावसाळ्यात."

डॉक्टर सासूबाईंकडे बघून हसले. म्हणाले, "आजी, औषध माझ्याकडे नाही हो. डोंगरावर आहे."

सासूबाईंना ते लगेच पटलं. परत येताना त्या रस्त्यात थांबल्या. जे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझे सासरे माथेरानला हातरिक्षा ओढायचे. "तवा माझ्या बी अंगाची अशीच आग व्हायची गं," त्या म्हणाल्या. "सगळे म्हनायचे पित्त हाय. पित्त कसलं! त्यो उतरून आला की मी बरी. त्यो गेला की परत आग. तू मनात काय धरू नको. लाजायसारखं काय नाय त्यात."

मी लाजले नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. नवरा जवळ नाही म्हणून अंगाची आग होते, यात एक मोठेपणा होता. माझी ओढ एवढी खरी आहे की ती चेहऱ्यावर उमटते, असं वाटायचं. पनवेलच्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने डोळे मोठे केले आणि म्हणाली, "बाई गं, आमच्या यांना सांग जरा."

आणि पुरावेही तसेच मिळत गेले. मे महिन्यात मी चार दिवसांची रजा काढून वर गेले. नवऱ्याच्या हॉटेलात कामगारांसाठी मागे पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यातली एक त्याने मालकाला विचारून मागून घेतली होती. दिवसभर तो भटारखान्यात. मी झाडाखाली बसून राहायची, माकडं हाकलायची, घोड्यांच्या टापा ऐकायची. पण दुसऱ्याच दिवशी माझं तोंड निवळलं. डोक्यातला आवाज थांबला. तो रात्रीचं आवरून आला आणि मी त्याला म्हटलं, "बघा, काहीच होत नाय मला आता." तो भांडी घासून सुरकुतलेल्या बोटांनी माझा गाल चाचपून बघत राहिला.

मग पावसाळा आला, तो घरी आला, आणि मी रोज कामावर जात असूनही त्रास झाला नाही. तोच पडदा, तीच खोली, तेच काम, पण चेहरा गार. डोक्यातला आवाज असला तरी पावसाच्या आवाजात कळायचा नाही. आता तर कोणालाच शंका उरली नाही. सासूबाईंनी शेजारपाजारी सांगून टाकलं. नवरा तर एवढा फुशारला की मी बसमधून उतरले की तो नाक्यावर छत्री घेऊन उभा असायचा आणि टपरीवाल्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, "चला, औषध न्यायला आलंय."

त्या पावसाळ्यातले दिवस मला अजून आठवतात. तो घरी स्वयंपाकाला हात लावायचा नाही, म्हणायचा की वर वर्षभर तेच करतो. पण रविवारी मला उठू द्यायचा नाही. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी करून ताट माझ्या पुढ्यात ठेवायचा आणि मी पहिला घास घेईपर्यंत बघत बसायचा. हॉटेलातली माणसं खाताना त्याला कधी दिसायची नाहीत. ताटं बाहेर जायची आणि रिकामी परत यायची. "कोन खातंय ते बघायला मिळत नाय गं," तो म्हणायचा. "तुझं खानं बघून घेतो."

दिवाळीच्या आधी तो पुन्हा वर गेला. थंडी पडायला लागली आणि माझ्या चेहऱ्याची आग परत सुरू झाली. मी ती सोसली. उलट संध्याकाळी मागच्या दारात बसून, तोंडावर ओला पदर धरून डोंगराकडे बघताना वाटायचं, हे तोंड जळतंय ते त्याच्यासाठी जळतंय. अंधार पडला की वरच्या कड्यावर चार-दोन दिवे दिसायचे. त्यातला एक त्याच्या हॉटेलाचा, असं मी धरून चालले होते. ते खरं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

असंच चाललं असतं. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच तो पायवाट उतरताना घसरला. मोठ्या धोंड्यावरून पाय सरकला आणि घोट्यावरचं हाड मोडलं. वाटेवरच्या ठाकरवाडीतल्या दोघांनी त्याला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणला. पनवेलला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी सांगितलं की चढणं-उतरणं दोन महिने बंद.

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या पाठोपाठ आनंद आला, तो काही थांबवता येईना. भर फेब्रुवारीत नवरा घरी! संध्याकाळी बसमधून उतरून घराकडे येताना मी जवळजवळ पळायची. तो खाटेवर पाय लांब करून बसलेला, सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या, स्टोव्हवर चहा. एवढं सुख मला पावसाशिवाय कधी मिळालं नव्हतं.

आणि चेहरा जळतच राहिला.

पहिल्या आठवड्यात मी मनाशी म्हटलं, त्याच्या पायाची काळजी असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, सवय झालीय, जाईल हळूहळू. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे म्हणायला काही उरलं नाही. मी आनंदात होते. तो हाताच्या अंतरावर होता. आणि दुपारचे तीन वाजले की गालांवर कोळिष्टक.

मी हे त्याच्यापासून लपवलं. घरी येण्याआधी स्टँडवरच्या नळावर तोंड धुवायची, पदराने पुसायची आणि हसत आत जायची. कारण त्याला काय सांगणार होते? की तुम्ही माझं औषध नव्हतातच? गावभर ज्याची फुशारकी मिरवली ते खरं नव्हतं? खोलीत पडून पडून आधीच तो कंटाळला होता. त्यातून हे ऐकून त्याला काय वाटलं असतं! आणि माझंही काहीतरी त्यात जात होतं. माझी ओढ चेहऱ्यावर उमटते याचा मला जो अभिमान होता, तो जात होता. उरत होता तो नुसता एक आजार.

एका संध्याकाळी सासूबाई विहारात गेल्या होत्या. मी मोरीत घंगाळात तोंड बुडवून बसले होते. वर मान काढली तर तो कुबडी टेकून दारात उभा.

"कधीपासून हाय?" त्याने विचारलं.

"आजच जरा..."

"खोटं नको बोलू."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "तुमी घरी असताना बी होतं. मी काय करू?"

तो कुबडी भिंतीला लावून तिथेच उंबऱ्यावर बसला. प्लास्टरचा पाय त्याने हातांनी उचलून सरळ केला. मला वाटलं, दुखावला. मग म्हणाला, "म्हंजी तुला माझी आठवन येत न्हवती?"

"येत होती! काय बोलता हे?"

"मग झालं तर," तो म्हणाला. "आठवन येगळी, मशीन येगळं. आपन दोन्ही एकाच टोपात घातलं, म्हनून कळलं नाय. रडतीस कशाला? उद्या तुझ्या सायबाला सांग की मशीनचं कायतरी हाय."

"साहेब म्हणतील, जमत नसेल तर टाइपरायटरवर परत जा."

"तुला जायचंय?"

"नाय."

"मग तसं बी सांग."

मला त्या काचेच्या खोलीची केवढी भीती होती, ते त्याला माहीत नव्हतं. म्हणजे खोलीची नाही, खोली जाईल याची. टाइपरायटरवरून तिथे जायला डझनभर जणी टपून होत्या. पण दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. घरचं सोडून. साहेब म्हणाले, "पण दुसऱ्या बाईंना काही होत नाही ना?"

माझी मैत्रीण मागे काम करत होती. ती उठून आली आणि म्हणाली, "होतं, सर. मला दुपारनंतर डोकं धरून बसावंसं वाटतं. मी बोलले नाही इतकंच." मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढे महिने एका खोलीत बसून तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही मशीनचं नाव न काढता नवऱ्याचंच सांगत राहिले होते, हे मला तेव्हा कळलं.

साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं आणि विषय तिथेच ठेवला. पण नेमकं त्याच आठवड्यात असं झालं की मी गालिच्यावरून चालत येऊन खुर्चीत बसले, कीबोर्डला बोट लावलं, टच् असा आवाज आला, माझ्या बोटाला चटका बसला आणि पडदा जागच्या जागी गोठला. अर्ध्या दिवसाचं काम गेलं. साहेब धावत आले. मशीनबरोबर आलेलं जाडं पुस्तक काढून ते बराच वेळ वाचत बसले. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हा जो चटका तुम्हाला बसतो ना, तो मशीनलाही बसतो. कोरडी हवा, नायलॉनचा गालिचा, आणि..." ते जरा अडखळले, "...तुमच्या साड्या."

आम्ही दोघी आमच्या साड्यांकडे बघायला लागलो. दोघीही नायलॉनमध्ये. धुवायला सोपी, इस्त्री नको म्हणून सगळ्याच बायका तेव्हा नायलॉन नेसायच्या. पावसाळ्यात त्रास का गेला होता, ते मला तिथे उभ्या उभ्या उमगलं. पावसात हवा ओली. ती ओल मला गार ठेवत होती. आणि मी समजत होते की छत्री घेऊन नाक्यावर उभा राहणारा माणूस मला बरा करतोय. मला एकाच वेळी हसू आलं आणि वाईटही वाटलं.

घरी सगळं सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "एकदम सगळं बदलू नका. रस्सा बिघडला तर आमी एक-एक चव बघत जातो. सगळंच घातलं की कशानं सुधारला ते कळत नाय." साहेबांचंही मत नेमकं तेच निघालं. मग त्या खोलीत आम्ही तिघांनी एकेक गोष्ट करत नेली.

पहिल्यांदा आम्ही सुती साड्या नेसायला लागलो. सासूबाईंनी ट्रंकेतली आपली जुनी लुगडी काढून दिली आणि मी ती गोल नेसून ऑफिसला गेले. चटके कमी झाले, पण तोंडाची आग राहिली. मग साहेबांनी वरून परवानगी काढून गालिचा गुंडाळायला लावला. खाली साधी फरशी निघाली. ती सकाळी ओल्या फडक्याने पुसायची, आणि कोपऱ्यात पाण्याने भरलेलं पसरट घमेलं ठेवायचं. देवघर गेलं, मोरी आली, असं मैत्रीण म्हणाली. त्याने बराच फरक पडला. डोळे कमी खुपायला लागले.

मग टेबलांचं लक्षात आलं. आम्ही दोघी एकामागे एक बसायचो, ती माझ्या मागे. खोली लहान असल्याने तिच्या मशीनची गरम पाठ अगदी माझ्या पाठीशी यायची. टेबलं फिरवून मशीनच्या पाठी भिंतीकडे केल्या. माझ्या पायाशी व्होल्टेज सांभाळणारा लोखंडी खोका होता. तो दिवसभर घूंऽऽ करायचा. इतका एकसारखा की मला तो ऐकूच यायचा नाही. संध्याकाळी डोक्यात राहायचा तो आवाज त्याचा होता. तो वायर लांबवून काचेपलीकडे ठेवला. ज्या दिवशी तो हलवला त्या दिवशी खोलीत एवढी शांतता झाली की आम्ही आपोआप हळू बोलायला लागलो.

सगळ्यात अवघड गेलं ते पडदा लांब सरकवणं. तो माझ्या तोंडापासून जेमतेम वीतभर लांब होता, कारण टेबलच अरुंद. साहेबांनी मागे एक स्टूल जोडून पडदा त्यावर ठेवला, आणि कीबोर्ड माझ्याजवळ. वायर गुंडाळलेली होती, ती ताणली की पोहोचायची. हात पुढे केला तर बोटं पडद्याला लागणार नाहीत एवढं अंतर झालं. पण मग अक्षरं दिसेनात. मी मान पुढे काढून बसायची आणि मान दुखायची. शेवटी चष्मा केला. पडद्याखालची लाकडी पेटी काढून तो नजरेच्या जरा खाली आणला. पडद्याची झळाळी एका बारीक चाकाने कमी केली. पाठीमागची ट्यूबलाइट काढली, कारण तिची पांढरी रेघ पडद्यात दिसायची. आणि अगदी शेवटी साहेबांनी मुंबईहून एक काळी बारीक जाळी आणली. तिला एक वायर होती, ती जमिनीत गेलेल्या तारेला जोडायची. ती पडद्यावर बसवल्यावर मी हात जवळ नेला. लव उभी राहिली नाही. चरचर नाही.

मी लगेच बरी झाले असं नाही. तीन-चार दिवस बरे जायचे आणि एखाद्या दिवशी परत गाल तापायचे. तासाभराने उठून पाच मिनिटं बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं, अशी मी सवय लावून घेतली. यातलं नेमकं कशाने किती झालं, ते साहेबांना सांगता येत नव्हतं आणि मलाही. त्या आजाराला काय म्हणायचं ते डॉक्टरांनीही कधी सांगितलं नाही. पण मार्च संपायला आला आणि एक दिवस बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आज मी एकदाही चेहऱ्याला हात लावलेला नाही.

घरी गेले तर सासूबाई एकट्याच. नवऱ्याचं प्लास्टर त्या आधीच्या आठवड्यात निघालं होतं. उन्हाळ्याची गर्दी सुरू होणार म्हणून मालकाचा निरोप आला आणि तो त्या दुपारी निघून गेला होता, काठी टेकत. नेरळपर्यंत टेंपोने आणि तिथून माथेरानच्या छोट्या आगगाडीने, पायवाटेने नाही, एवढं त्याने आईला कबूल केलं होतं.

मी मागच्या दारात जाऊन बसले. तोंड गार होतं. इतकं गार की ते माझंच आहे यावर विश्वास बसेना. वर दिवे लागले. दिवाळीनंतर मी तिथे बसायची तेव्हा जळणाऱ्या गालांना घेऊन तरी बसायची, काहीतरी सोबत असायची. आता माझ्याजवळ दुखण्यासारखं काही नव्हतं, आणि तो नव्हता. सासूबाई बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "आग नाय आता."

"नाय."

"तरी बी..." त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोंगराकडे बोट केलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी वर गेले. ठाकरवाडीतल्या बायका भाजी आणि करवंदं घेऊन पायवाटेने चढायच्या, त्यांच्याबरोबर. त्या डोक्यावर ओझं घेऊन बोलत बोलत चढत होत्या आणि मी रिकाम्या हातांनी धापा टाकत होते. तो जिथे घसरला तो धोंडा त्यांनी मला दाखवला. मी त्याच्यावर हात टेकून चढले.

हॉटेल भरलेलं होतं. भटारखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन मी एका पोऱ्याकडून निरोप पाठवला. तो आला, कपाळावर घाम, अंगाला कांदा-मसाल्याचा वास, पाय अजून जरा ओढत. मला बघून घाबरला. "काय झालं? आई बरी हाय ना?"

"सगळं बरं हाय. सहज आले."

"एवढं चढून? सहज?"

मग त्याला कळलं. त्याने माझी हनुवटी धरून मला उन्हाकडे वळवलं आणि तोंड नीट निरखलं, आधी एक गाल, मग दुसरा. "गेलं," तो म्हणाला.

"गेलं."

"मशीन नीट केल्यावर गेलं ना? माझ्या औषधाची गरजच नाय लागली." तो हसला, पण मला त्याच्या हसण्यात थोडी रुखरुख दिसली, आणि ती दिसली याचं मला बरं वाटलं.

"मशीनचं गेलं," मी म्हटलं. "तुमचं हाय तसंच हाय."

तो आत जाऊन एका ताटलीत गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन आला. मागच्या पायरीवर मला बसवलं आणि समोर उकिडवा बसला. मी खात होते आणि तो बघत होता. दोनदा आतून हाक आली, तो "आलो आलो" म्हणाला आणि उठला नाही. तिसऱ्या हाकेला उठला. जाताना म्हणाला, "उतरताना बायांच्या मागं-मागं जा. घाई नको करू."

मी ताटली पाण्याच्या पिंपाजवळ धुऊन ठेवली. थोडा वेळ थांबले, तो पुन्हा बाहेर येतो का बघायला. आत कढया वाजत होत्या, कोणीतरी चपात्या मागत होतं, आणि मधूनच त्याचा आवाज येत होता, कामातला, मोठा, मी घरी कधी न ऐकलेला. तो ऐकत मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग बायकांनी खालून हाक मारली, आणि मी निघाले.